आफ्रिकी देशांनी बजेटच्या १० टक्के शेतीला द्यायचं ठरवलं होतं, त्याचं काय झालं?

ठरलं २००३ मध्ये, मोझांबिकची राजधानी मापुटोला. २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मलाबो शहरात तेच वचन पुन्हा दिलं. पाळलं मोजक्याच देशांनी, आणि त्यांत मलावीचं नाव हमखास येतं. पण नुसता टक्का बघून फसायला होतं.

मलावीत २००५ च्या दुष्काळानंतर राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांच्या सरकारने खतावर अनुदान सुरू केलं. गरीब शेतकऱ्याला कूपन मिळायचं. ते दाखवलं की ५० किलोच्या दोन गोण्या नाममात्र किमतीत, वर मक्याचं बियाणं. मक्याचं उत्पादन वाढलं, हे खरंच. पण शेतीखात्याचा बराचसा पैसा या गोण्यांतच जिरला. सिंचन, संशोधन, कृषी सहायक यांच्या वाट्याला उरलंसुरलं. देशाला समुद्रकिनारा नाही, खत बाहेरून येतं. म्हणजे डॉलर महागला की योजनेचे हाल. (कूपन भलत्याच्याच हातात पडणं वगैरे प्रकार आपल्याला काही नवे नाहीत.)

इथिओपियाने गावोगावी कृषी सहायक नेमले, रस्ते केले. मला तो खर्च जास्त शहाणपणाचा वाटतो, पण रस्त्याचं श्रेय पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकत नाही, गोणी मात्र घरात दिसते.