पोरी, पहिली कळ आली की रिक्षा बोलवू नको

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला, मग चहा ठेवला आणि आता निवांत बसून लिहितोय. (पुण्यात राहून विसरली नसशील, आपल्या कोल्हापुराकडं बायकाबी ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, नवऱ्याला वाचून दाखवशील तेव्हा हे काकूचंच पत्र आहे म्हणून सांग त्याला.) डोहाळजेवण झालं की माहेरी येणार, आणि डिलिव्हरी नॅचरल पाहिजे, एपिड्युरल-बिपिड्युरल (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) काही नको म्हणतीस. चांगलंय. मी तीस वर्षं लेबर रूमात काढली, त्यामुळं ‘वा वा छान’ म्हणून सोडणार नाही, जरा लांबलचक लिहिणार.

बिनऔषधाचं म्हटलं की तुम्हा पोरींना एपिड्युरलच आठवतं. पण इथं, निदान माझ्या बघण्यात, कळा कमी करायच्या औषधापेक्षा कळा वाढवायचं सलाईन कितीतरी जास्त लागतं. त्यात ऑक्सिटोसिन असतं, कळा जोरात आणि जवळजवळ येतात, मधे दम खायला मिळत नाही, आणि मग भलीभली बाई म्हणते आता सोडवा मला. गरज असेल तिथं ते सलाईन लागतंच, त्याला मी नाव ठेवत नाही. पण बऱ्याच वेळा ते लागतं कशामुळं, तर बाई लवकर अ‍ॅडमिट झाली म्हणून. पहिली कळ आली, घरच्यांनी रिक्षा आणली, गर्भपिशवीचं तोंड दोनच सेंटिमीटर उघडलंय आणि पोरगी कॉटवर आडवी, बाहेर सासू-आई दर अर्ध्या तासाला ‘झालं का, झालं का’, मग सगळ्यांचीच नजर घड्याळाकडं.

माझं पहिलं असंच झालं. दवाखान्याचं नाव घेत नाही, आता काय उपयोग. मी स्वतः सिस्टर, दुसऱ्यांना धीर देणारी, आणि पहाटे पोटात जरा आवळून आलं तर सहा वाजता मीच जाऊन बसलो दवाखान्यात. उताणं झोपवलं, सलाईन, जवळ घरातलं कुणी नाही, पाणी मागितलं तर नको म्हणाले. एक जण तर वर म्हणाली, सिस्टर असून एवढं ओरडता? रात्री दहाला पोरगा झाला, बरा झाला, पण ते उताणं पडून राहणं अजून आठवतं.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. दुपारी कळा सुरू झाल्या तर घरातच थांबलो. आमटी-भात खाल्ला, गच्चीवर फेऱ्या मारल्या, ऊन ऊन पाण्यानं अंघोळ केली, आणि कळ आली की ओट्याला धरून पुढं वाकायचो आणि मावशी मागनं माझ्या कंबरेवर लाटणं फिरवायची, पोळी लाटतात तसंच, जरा दाबून, माकडहाडाच्या वर. खोटं वाटेल तुला, पण त्या लाटण्यानं जो आराम मिळाला तो मला कुठल्या इंजेक्शननं मिळाला असता का माहीत नाही. चार तास लाटलं बिचारीनं, मधनं मधनं टीव्ही बघत. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा सात सेंटिमीटर होतं.

तर तयारी करायची ती या सुरुवातीच्या वेळाची कर. पहिलटकरणीला हा भाग लई लांबू शकतो, अख्खी रात्रबी जाते, आणि त्यात काही बिघडलंय असं नसतं. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं याबद्दल सूचना काढल्या, त्यात पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरायला सांगितलंय, आणि तासाला 1 सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब सगळ्यांना लावू नका म्हणून सांगितलंय. आम्ही शिकलो तेव्हा तोच हिशोब भिंतीवरच्या तक्त्यावर होता बघ.

साधारण 5 मिनिटांनी एक कळ, ती 1 मिनिट टिकणारी, आणि असं तासभर चाललंय, तू कळेत बोलू शकत नाहीस, तेव्हा निघायचं. जरा फिरलं की किंवा कुशीवर झोपलं की ज्या थांबतात त्या खऱ्या कळा नव्हेत. पण हे सगळं तब्येत ठीक असलेल्या, 37 आठवडे पूर्ण झालेल्या बाईचं सांगतोय. पाणी गेलं, मग कळा असोत नसोत, दवाखान्यात फोन करायचा, आणि पाणी हिरवट असेल तर लगेच निघायचं. अंगावरनं रक्त जायला लागलं, डोकं फुटायची वेळ आली किंवा डोळ्यापुढं अंधारी, ताप, बाळाची हालचाल कमी वाटली, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि पळ. गाडी नसेल तर 108 लाव. बीपी असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, आधीचं सिझर असेल, तर घरात थांबायचं की नाही हे डॉक्टरच सांगतील, काकू नाही.

आता कळेत करायचं काय. भीती वाटली की आपण श्वास धरतो, दात आवळतो, खांदे वर जातात, अंग ताठलं की दुखणं वाढतं. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरनं हेच भीती-ताण-वेदनेचं चक्र सांगितलंय, पण आमच्या मावशीला ते न वाचताच माहीत होतं, ती सारखी ‘जबडा सोड गं’ म्हणायची. बारीक आवाजात किंचाळू नको, खालच्या आवाजात लांब ‘हंऽऽ’ कर. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी कशा हंबरतात, तसं. हसू नको, आत्तापासून बाथरूममध्ये प्रॅक्टिस कर, त्या दिवशी एकदम येत नाही.

नवऱ्याचं बोलू. तो पुण्यात, तू इथं, मधे 230 किलोमीटर, शिवाय खंबाटकीचा घाट आणि रस्त्याची कामं. पहिली कळ आली की त्याला निघायला सांग, तुझा सुरुवातीचा वेळ त्याच्या गाडीचा वेळ. तरी तो वेळेत पोचेलच असं धरून बसू नको, दुसरं माणूस ठरवून ठेव, आणि आईच पाहिजे असं काही नाही. तुझी आई माझी मैत्रीण, म्हणून सांगतो, ती तुला रडताना बघून तुझ्याआधी रडेल आणि डॉक्टरला म्हणेल सिझर करून टाका. लेबर रूममध्ये जवळचं माणूस असावं हे आता सरकारबी म्हणतं, 2017 ला केंद्र सरकारनं ‘लक्ष्य’ कार्यक्रम काढला त्यात आहे. पण प्रत्यक्षात ज्या त्या दवाखान्याची ज्याची त्याची पद्धत, त्यामुळं सातव्या महिन्यात पहिल्या व्हिजिटलाच विचार. कोण आत येऊ शकतं, कळा चालू असताना मी फिरू शकते का, पाणी-पेज चालेल का, कुशीवर किंवा उकिडवं बसून डिलिव्हरी करता का, आणि बाळ यायला जागा व्हावी म्हणून खाली छेद देतात तो सगळ्यांनाच देता की गरज लागली तर. चिडून नाही, वही काढून शांतपणे विचार. डॉक्टर या प्रश्नांनी वैतागले तर ते आत्ताच कळलेलं बरं, अजून दोन महिने हातात आहेत.

घरातले सल्ले मिळतीलच. तूप प्यायल्यानं बाळ घसरून येतं म्हणतात. अगं, तूप जातं पोटात, बाळ असतं पिशवीत, मधे नळी नाही कुठली. वजन तेवढं वाढतं. एरंडेल तर हातात घेऊ नको, जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि कळा याव्यात तेव्हा ताकद नसते. फरशी पुसून बाळाचं डोकं खाली येतं असंबी नाही, पण उकिडवं बसायची सवय चांगली, तुम्ही पोरी दिवसभर खुर्चीत. संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धा-पाऊण तास चाल, भेळ खा कधीमधी, आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नको, हिमोग्लोबिन 11 च्या खाली नको. रक्त कमी असलं तर नॅचरलच्या गप्पा राहतात बाजूला.

डोकं बाहेर यायला लागतं तेव्हा खाली आग होते, कांदा-लसूण चटणीचा हात लागल्यासारखी. तेव्हा जोर थांबवायचा आणि कुत्र्यासारखं हा-हा-हा करत धापा टाकायच्या, बाळ हळू आलं तर फाटतं कमी. तोपर्यंत जेव्हा आतनं जोर येईल तेव्हाच लाव, कुणी ‘लाव लाव’ ओरडतंय म्हणून नाही. बाळ झालं की छातीवर मागून घे, नाळ मिनिटभर तरी राहू द्या म्हण. आणि मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतील ते मुकाट घे. ते कळांसाठी नाही, वार पडताना जास्त रक्त जाऊ नये म्हणून आहे. बिनऔषधाच्या हट्टापायी ते नको म्हणणारी एक पोरगी मी बघितलीय, आम्ही तिला कसंबसं सावरलं.

आणि त्या दिवशी तूच म्हणालीस की बास, औषध द्या, तर घे. बाळाचे ठोके उतरले आणि डॉक्टर म्हणाले सिझरला आत घेऊया, तर जा. मी बाहेर उभा असेन, माझ्याकडं तोंड पाडून बघायचं नाही.

येताना सोनोग्राफीची आणि रक्ताची सगळी फाईल आण, मोबाईलमधले फोटो नको, कागद. दोन सुती गाऊन, पायमोजे, आणि आवडतं सरबत. लाटणं आणू नको, मावशीचं माझ्याकडं आहे.

तुझी काकू