पोळी-भात बंद करायच्या आधी

ताई, तुमच्या मिस्टरांचं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय आणि 'गहू, तांदूळ, ज्वारी, सगळी धान्यं विषच' असं कुणीतरी ठासून सांगितलंय, म्हणून घरातलं धान्य बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय. बंद करू नका. कमी नक्की करा, पण किती आणि कुठलं ते आधी मोजा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं.

पोळ्या मोजून फसगत होते, म्हणून कोरडं पीठ आणि कच्चे तांदूळ मोजा. मुंबईतल्या नोकरदार माणसाचा साधा दिवस घ्या. सकाळी बशीभर पोहे (६० ग्रॅम कोरडे), डब्यात चार पोळ्या (३० ग्रॅमची एक, म्हणजे १२०), संध्याकाळी स्टेशनबाहेर एक वडापाव (पावात साधारण २५ ग्रॅम मैदा), रात्री दोन पोळ्या आणि वाटीभर भात (६० आणि ४५). झाले ३१० ग्रॅम, चहाबरोबरची बिस्किटं वेगळीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसाला भरडधान्यं धरून २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं दिली आहेत. आपल्या पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते जेमतेम १५-२० ग्रॅम. दोन वेळची मिळून ४० होते. धान्य थोडं जास्त आणि डाळ निम्मी, खरं दुखणं हे आहे. बैठं काम असेल आणि वजन उतरवायचं असेल तर धान्य २५०च्याही खाली ठेवावं लागतं.

म्हणून डब्यात चारऐवजी दोन पोळ्या, आणि बटाट्याच्या भाजीच्या जागी मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ द्या. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची वाटीभर होते आणि त्यात ६-७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत काकडी-कोबीची कोशिंबीर. ती आणि उसळ आधी खायची, पोळी नंतर. त्याच जेवणानंतर साखर कमी उसळते. रात्री पोळी किंवा भात, दोन्ही नको. वरण चमच्यावर उभं राहील इतकं घट्ट करा.

ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. भाकरी चांगलीच, कोंडा टिकतो, पोट भरतं. पण मोठ्या भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ लागतं. दोन भाकऱ्या म्हणजे चार-पाच पोळ्यांएवढं पिष्ट पोटात गेलं. 'साखरेला चालते' म्हणून तीन वाढू नका.

तसंच 'धान्य सोडलं' म्हणत लोक उपासाच्या पदार्थांकडे वळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. आणि भगर हे धान्यच आहे. खिचडीपेक्षा दोन पोळ्या आणि उसळ कितीतरी बऱ्या.

आता 'विष' म्हणतात त्याबद्दल. धान्याच्या सालीत फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, हे खरं आहे. पण भिजवणं, आंबवणं, मोड आणणं यांनी ते कमी होतं, आणि इडली, आंबील, नाचणीचं सत्त्व आपण करतच आलोय. जेवणावर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. जेवणापाठोपाठ चहा घेतला तर उलट होतं, तो तासाभराने घ्या. नाचणीला मोड आणताना १२ तास भिजवून सुती कापडात बांधा, दर ८ तासांनी पाण्यातून काढा. मुंबईच्या दमट हवेत हे चुकलं की दाणे बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो. तसे दाणे वाळवून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. बाजरीचं पीठही आठ दिवसांपुरतंच दळून आणा, त्यातलं तेल खवट होऊन भाकरी कडू लागते.

गहू खरोखर घातक ठरतो तो सिलिॲक आजारात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजारात. वारंवार जुलाब, पोट फुगणं, मुलाची वाढ खुंटणं, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न चढणं, यांपैकी काही असेल तर टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए ही रक्ततपासणी करा. ती गहू खात असतानाच करायची. आधी गहू सोडला तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. इथेच पुष्कळ लोक चुकतात. निदान झालं तर मात्र पथ्य आयुष्यभराचं आणि पूर्ण: पोळी, पाव, रवा, शेवया, दलिया, जव. बांधानी हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ असतं, पाकिटामागचा मजकूर वाचा. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली की जात्यातलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. अशा घरात वेगळी घरघंटी हवी, पोळपाट-लाटणंही वेगळं.

मिस्टर साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य एकदम निम्मं करू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर डबा हलका झाला तर साखर फार उतरून लोकलमध्ये उभ्या उभ्या घाम फुटून चक्कर येऊ शकते. गोळी नसेल तर उद्यापासूनच सुरू करा आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा. महिन्याभरात केलं तर त्यात निम्मा हिशेब जुन्याच डब्याचा असेल.