तिजोरीतले दागिने कोणाचे?

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. न्यूटन बंधूंवरचा रिचर्ड लिंकलेटर यांचा 1998 चा चित्रपट तुझ्या मनात घर करून आहे, हे पहिल्याच प्रसंगात कळले. नमुना चांगला निवडलास. त्यातून तू जे उचललेस, ते मात्र मला पटले नाही.

टेक्सासातल्या कापूसकऱ्याच्या घरातले हे चौघे भाऊ 1919 ते 1924 या काळात नायट्रोग्लिसरीनने बँकांच्या तिजोऱ्या फोडत हिंडले आणि 12 जून 1924 रोजी इलिनॉयमधील रॉनडाउट येथे टपालगाडी लुटून त्यांनी सुमारे 30 लाख डॉलरचा ऐवज लांबवला; पण त्याच रात्री अंधारात साथीदारानेच चुकून डॉक या भावावर गोळ्या झाडल्या आणि त्या जखमेच्या मागाने पोलीस टोळीपर्यंत पोहोचले. बँकवाले मोठे चोर, आपण धाकटे, आणि नुकसान विमा कंपनी भरून देतेच, हा त्यांच्यातल्या विलिस या भावाचा युक्तिवाद. चित्रपटाच्या अखेरीस खरे विलिस आणि जो हे दोघे भाऊ म्हातारपणी बोलताना दिसतात व आपल्याला आवडू लागतात. खातेदार मात्र कथेत जवळपास नाहीच.

तोच युक्तिवाद तू निपाणीच्या टोळीच्या तोंडी जसाच्या तसा घातला आहेस, आणि तिथेच पटकथा खोटी पडते. आपल्याकडे उसाचे बिल थकले आणि मुलीची फी तोंडावर आली की घरातली बाई बोरमाळ घेऊन बँकेत येते. सराफ ती कसोटीवर घासतो, तोलतो, आणि खाते क्रमांक व वजन लिहिलेल्या पाकिटात ती बंद होते. मे 2025 मध्ये शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातील मनगुळी येथे बँकेतून सुमारे 59 किलो सोने गेले, ते असेच ग्राहकांनी तारण ठेवलेले होते. भरपाई मिळाली तरी ती वजनाची आणि भावाची मिळते. सासूने अंगावर घातलेली माळ एकदा मुशीत वितळली की संपली. दागिना सापडलाच तर तो मुद्देमाल ठरतो आणि न्यायालयाच्या आदेशावाचून हाती येत नाही.

म्हणून भुयार आणि कोगनोळी नाक्यावरचा पाठलाग निम्म्याने कमी कर. ते तू सफाईने लिहिले आहेस, तरीही. त्या जागी ओळख पटवण्याचा प्रसंग लिही. टेबलावर पांढऱ्या कापडावर दागिने मांडलेले आहेत, पोलीस कन्नडमध्ये पंचनामा लिहीत आहेत, आणि खानापूरकडची एक बाई मराठीत सांगते आहे की तिच्या बोरमाळेचा तिसरा मणी चेपलेला आहे व तो तारेने पुन्हा ओवून घेतला होता. हवालदाराला दोन्ही भाषा येतात, तरी तो वजनाचा आकडाच विचारत राहतो. टोळीतल्या धाकट्याला त्याच खोलीत, बेड्यांसह, भिंतीशी उभा कर आणि त्याला एकही संवाद देऊ नकोस.

हा प्रसंग लिहून झाला की तेवढाच पाठव. बाकीच्या मसुद्यावर त्यानंतर बोलू.

तुझा हितचिंतक