ऑनलाइन समुपदेशनाचा खरंच उपयोग होतो का? समोरचा तज्ज्ञ खरा आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी सासरी राहता, जवळपास असं कोणी नाही, रात्री तीनला जाग येते, धडधडतं. व्हिडिओ कॉलवर ‘लायसन्स असलेला थेरपिस्ट’ गाठावा का, आणि दोन खोल्यांच्या घरात बोलायचं कुठे? मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. पडद्याच्या अलीकडे दीड वर्ष बसलोय, एवढीच माझी पात्रता.

उपयोग होतो. पण मला पहिल्या खेपेला झाला नव्हता, ते आधी सांगतो.

जाहिरात बघून एक ॲप घेतलं. समोरची मुलगी स्वभावाने चांगली, पण बोलायची हिंदी-इंग्रजीत. वडील गेल्याची बातमी मला फोनवर कळली होती आणि तेव्हापासून अवेळी फोन वाजला की पोटात गोळा यायचा. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, धसका. तिला सांगताना मी आधी ‘डर’ म्हणालो, मग ‘टेन्शन’, मग ‘एक तरह का शॉक’. भाषांतर करता करता दुखणं दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागलं. तिने रोज सकाळी पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. तीन सेशनचे पैसे आगाऊ भरले होते म्हणून तीनदा बोललो. तिच्याकडे काही आठवड्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं, हे नंतर कळलं.

‘लायसन्स’ हा शब्द मुळात अमेरिकेकडून आलाय. तिथे प्रत्येक राज्य थेरपिस्टला परवाना देतं. आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून नावापुढची अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. त्या नोंदणीचा क्रमांक, म्हणजे सीआरआर नंबर असतो आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. बहुतेकांनी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं. गोळ्या हे लोक देत नाहीत. त्यासाठी सायकियाट्रिस्ट, म्हणजे एम.बी.बी.एस.च्या पुढे मानसोपचारात एम.डी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर, आणि त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. मानसशास्त्रात एम.ए. केलेले समुपदेशक या दोन्हींत बसत नाहीत. 2021 च्या कायद्याने त्यांनाही नोंदणीखाली आणायचं ठरलं आहे. त्यांच्यात उत्तम माणसं आहेत, फक्त शिक्षण कुठलं आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं हे विचारा. सरळ विचारा. राग आला तर पुढचा नंबर लावा.

दुसऱ्या खेपेला मला पुण्यातल्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. मराठी. 50 मिनिटांचे 1000 रुपये. माझ्या मते ऑनलाइनचा खरा फायदा इथे आहे. आमच्या गावातून पुण्याला जाऊन यायचं तर अख्खा दिवस जातो आणि रजेच्या अर्जावर काय लिहायचं हा प्रश्न उरतोच.

घरात जागा नव्हती म्हणून मी मार्केट यार्डाच्या मागे गाडीत बसून बोलायचो. मोबाइल स्टीअरिंगला टेकवलेला, काचा वर, मे महिना. एकदा ऐन रडू फुटलेलं असताना यार्डाच्या वॉचमनने काच ठोठावली, “साहेब, टायर पंक्चर हाय.” पलीकडे मॅडमही हसल्या. त्या दिवसानंतर मी मोकळा बोलायला लागलो, का ते सांगता येणार नाही.

चौथ्या सेशनला त्या म्हणाल्या, “तुम्ही जवळजवळ प्रत्येक उत्तर ‘तसं काही नाही’ने सुरू करता. आज मी मोजलं, अकरा वेळा.” मी म्हणालो, “तसं काही नाही.” बारा.

मग वही आली. तीन रकाने: काय झालं, मनात काय आलं, मग काय वाटलं. मधल्या रकान्यात मी लिहिलेलं असायचं, ‘मार्चअखेर वसुली झालीच पाहिजे’, ‘साहेबांनी बोलताच कामा नये’, ‘रात्री फोन येताच कामा नये’. त्यांनी प्रत्येक ‘च’भोवती गोल काढायला लावला. एका पानावर नऊ निघाले. मग तीच वाक्यं ‘च’ काढून मोठ्याने म्हणायची. वसुली झाली पाहिजे. रात्री फोन येता कामा नये. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण आवळलेला जबडा सैल झालेला मला त्या गाडीत कळला. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. इंग्रजीत हा ‘झालंच पाहिजे’चा हट्ट ‘मस्ट’ या शब्दात असतो, आपल्याकडे एका अक्षरात मावतो. हिंदी-इंग्रजीत बोलत राहिलो असतो तर तो सापडला नसता. म्हणून तज्ज्ञ शोधताना पदवीनंतर लगेच भाषा बघा.

काही वेळा मात्र व्हिडिओ कॉल पुरत नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दिवसेंदिवस डोळ्याला डोळा लागत नसेल, तर आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सायकियाट्रिस्टला प्रत्यक्ष दाखवा. टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही. तुमच्या धडधडीसाठी आधी गावातल्या डॉक्टरांकडून रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या. मॅडमनी मलाही पहिल्यांदा तेच करायला लावलं होतं.

गुप्ततेबद्दल: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद. ॲपवाल्यांचं मला तितकंसं खरं वाटत नाही. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या मोठ्या कंपनीला, लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना दिल्याच्या आरोपावरून, 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरायला लागले. मी ॲप सोडलं ते सोडलंच. मॅडमशी थेट अपॉइंटमेंट घेतो.

आता तुमची जागा. गच्ची असेल तर गच्ची, नाहीतर मैत्रिणीचं घर. इअरफोन घातला की निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू जात नाही. सासूबाईंनी विचारलं तर ‘ऑफिसची मीटिंग’ म्हणायला मला तरी काही गैर वाटत नाही. बोलणं जमतच नसेल तर लिहा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा 2012 पासून आहे, ती फोनबरोबर ई-मेलवरही समुपदेशन करते. तीन-चार सेशन द्या, पटलं नाही तर माणूस बदला. आपण डेंटिस्ट बदलतो, तसंच.

पहिल्या दिवशी काय बोलायचं हेही विचारलंय तुम्ही. तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ आहे, ‘तसा काही त्रास नाही, फक्त रात्री तीनला जाग येते.’ तीच वाचून दाखवा. ‘तसा’सकट.