साप नको म्हणजे साप नको

पहिल्या भेटीला नवरा लॅपटॉप घेऊन आला होता. माझ्याकडे समुपदेशनाला येताना लोक जुने रिपोर्ट आणतात, मोबाइलमधले मेसेज दाखवायला आणतात, क्वचित सासूबाईंनाही आणतात. स्लाइड घेऊन आलेला हा पहिलाच. एकूण बावीस होत्या, आणि पहिलीवर लिहिलं होतं : ‘पत्नीच्या हरकती व त्यांचे निराकरण’. पत्नी शेजारच्या खुर्चीत बसून खिडकीतून बाहेर बघत होती. हे सगळं तिने घरी एकदा तरी पाहिलेलं असणार, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दामच दिलेली नाहीत. खोटी नावं दिली की ओळखीतले लोक अंदाज बांधत बसतात.

‘मला साप पाळायचाय, घरातलं माणूस तयार नाही, कसं पटवू?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे बऱ्याचदा आला आहे. कधी सापाऐवजी इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा असतो, कधी मोठा कोळी. प्रश्नातलं ‘कसं पटवू’ मात्र बदलत नाही.

नवरा सांगलीकडचा. शाळेत असताना गावातल्या एका सर्पमित्राच्या मागे सायकलवर फिरलेला. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या अशी नावं तो नातेवाइकांची घ्यावीत तशी घेतो. कवड्याला मण्यार समजून लोक कसा ठेचतात हे सांगताना त्याचा आवाज खरोखर बदलला. बायको रत्नागिरी जिल्ह्यातली. दोघं पुण्यात नोकरी करतात. लग्नाला चार वर्षं झालेली, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, त्याचे हप्ते चालू.

स्लाइडमधली माहिती चांगली होती. त्याला हवा होता बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, बिनविषारी. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं करतो, म्हणून हे नाव. लांबी साधारण तीन ते पाच फूट. भुंकत नाही, केस गाळत नाही, रोज फिरायला न्यावा लागत नाही. वाढलेला साप आठ-पंधरा दिवसांतून एकदा खातो आणि मनात आलं तर महिनोन्‌महिने खातच नाही. शेवटच्या स्लाइडवर दोघांचा लग्नातला फोटो होता. तो कशासाठी होता, हे मला अजून कळलेलं नाही.

मी विचारलं, ‘‘कायद्याचं काय?’’

आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. मांडूळ किंवा धामण घरी ठेवण्याचा विचार त्याच्या डोक्यात कधीच नव्हता. परदेशी सापांबद्दल मात्र तो गुळमुळीत बोलायला लागला. या कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात (CITES) नोंदलेल्या प्राण्यांसाठी, ज्यांत बॉल पायथनही येतो, 2024 मध्ये नियम आले. असा प्राणी घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा त्याला फोनवर म्हणाला होता, ‘‘कागदाचं नंतर बघू.’’ हे बायकोने माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकलं. ती खिडकीकडची नजर काढून त्याच्याकडे वळली.

मी वकील नाही. पण कागदपत्रांशिवाय साप घेणारा माणूस घरात फक्त साप आणत नाही, एक गुपितही आणतो, आणि जोडप्यांबरोबर इतकी वर्षं काम केल्यावर मला गुपिताचीच जास्त धास्ती वाटते.

आता माझी चूक सांगते. आमच्या धंद्यात एक खोड असते. माणूस ‘दूध नको’ म्हणाला की आम्हाला त्याची आई आठवते. दुसऱ्या भेटीत मी तिला एकटीला बोलावलं आणि खोदायला लागले. कोकणात फुरसं खूप, लहानपणी घरात कुणाला चावलं होतं का? नाही. कुणी सापाने घाबरवलं होतं का? नाही. नवरा आधी तुझ्यावर काही लादत आलाय का? सापाच्या निमित्ताने दुसरंच काही बोलायचं राहिलंय का?

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘मॅडम, आमचं तसं बरं चाललंय. मला खरंच फक्त साप नकोय.’’

मी वहीचं पान उलटलं. तेवढं करण्यासारखंच माझ्याकडे उरलं होतं.

नंतर ती आपणहून जे बोलली ते फार नेमकं होतं. ‘‘हा समजतो की मी घाबरते. मी घाबरत नाही. आमच्या पडवीत साप निघाला तर आजोबांना हाक मारून मी कामाला लागायचे. मला किळस येते. ते सरकणं बघितलं की पोटात ढवळतं. घरी दमून आले की मला ढवळायला नको आहे, बस.’’

भीती आणि किळस यांतला हा फरक नवऱ्याच्या बावीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हता. त्याचं सगळं गणित भीतीवर बेतलेलं : विष नाही, चावत नाही, चावला तरी खरचटतं. भीतीला माहितीचा थोडाफार उपयोग होतो. किळशीला माहितीने काही होत नाही. झुरळ चावत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ताटाजवळ आलं की आपण उठतोच. सवयीनेही भीती जितकी उतरते तितकी किळस उतरत नाही. हळूहळू सामोरं जाण्याची जी पद्धत आम्ही वापरतो (आधी चित्र, मग व्हिडिओ, मग काचेपलीकडचा प्राणी, मग स्पर्श), ती किळशीला फार धीम्या गतीने लागू पडते. आणि दोन्हींसाठी एक अट आहे : माणसाला स्वतःला बदलायचं असलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या एका मराठी जोडप्याशी मी व्हिडिओ कॉलवर बोलत असे. तिथे कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही, तो दुकानातून सरळ विकत मिळतो. साप बायकोला हवा होता आणि नवरा पांढराफटक पडायचा. पण ही भीती घालवायचं त्याने स्वतः ठरवलं, कारण मुलीसमोर लाज वाटते म्हणाला. चार-पाच महिन्यांनी साप बायकोच्या हातात असताना त्याने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. आज तो साप त्यांच्या घरी आहे, पेटीला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याकडे असते. हा किस्सा मी जपून सांगते, कारण तो ऐकून प्रत्येक सापवेड्याला वाटतं, आपलीही बायको चार महिन्यांत तयार होईल.

पुण्यातल्या नवऱ्याने हीच पद्धत परस्पर, बायकोला न विचारता चालवली होती. जेवताना रील दाखवायचा. नागपंचमीला डिवचायचा, ‘‘पूजा करतेस ना, मग?’’ त्यावर तिचं उत्तर : ‘‘पाटावरच्या नागाची करते. सोफ्यावरच्याची नाही.’’ एकदा त्याने कुठूनतरी मिळालेली धामणीची कात पुस्तकांच्या कपाटात ठेवली, ‘हळूहळू सवय व्हावी’ म्हणून. ती पुस्तक काढायला गेली आणि कात हाताला लागली. त्या दिवसापासून ती त्या कपाटाला हात लावत नाही. त्याच्या मते ही छोटी गोष्ट होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं की ‘नाही’ म्हणालेल्या माणसाला गुपचूप सवय लावणं याला मी उपचार म्हणत नाही, याला मी पाळत ठेवून गाठणं म्हणते. तो दुखावला. दुखावू दे म्हटलं.

आणि काचेची पेटी आधीच घेऊन झाली होती. वर जाळी, आत तापमापक, खाली उष्णतेची गादी. ती बेडरूममध्ये कपड्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेली. ‘‘रिकामी तर आहे,’’ असं तो म्हणाला. बायको म्हणाली, ‘‘रिकामी नाहीये. तिच्यात तुझं ठरलेलं आहे.’’

मी त्यांना एक गृहपाठ दिला. फायदे-तोटे लिहा असं मी कधी सांगत नाही; त्यात हुशार माणूस नेहमी जिंकतो. त्याला सांगितलं, साप घरात आलाय असं धरून एका आठवड्याची रोजनिशी लिही, वारासकट. सोमवार ते रविवार कोण काय करतं. तिला सांगितलं, सापाबाबत तुला काय काय चालेल ते लिही. काय चालणार नाही ते आम्हाला माहीत आहे.

त्याची रोजनिशी मंगळवारीच अडकली. पेटीची उबदार बाजू 31 ते 33 अंशांवर आणि थंड बाजू 24 ते 27 वर ठेवायची. पुण्यात डिसेंबरात रात्री वीज गेली आणि तो कंपनीच्या कामाने बंगळुरूला असला, तर उठणार कोण? गोठवलेले उंदीर फ्रीजरमध्ये, म्हणजे नारळाच्या खोबऱ्याशेजारी. दुसरा फ्रीजर घ्यायचा तर ठेवायचा कुठे? सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य किती लांब? झाडू-फरशी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी काम सोडून गेल्या तर? (इथे दोघंही एकदम गप्प झाले. चांगल्या मावशी पुण्यात सापापेक्षा दुर्मीळ आहेत.) दोन वर्षांत मूल हवं असं दोघांचं ठरलेलं, पाच वर्षांखालच्या मुलाच्या घरी सरपटणारे प्राणी ठेवू नयेत असा सल्ला दिला जातो, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आणि बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. त्याने हा आकडा पहिल्या भेटीत अभिमानाने सांगितला होता. रोजनिशीत तो पुन्हा लिहिताना त्याच्या शेजारी त्याने स्वतःचं त्या वेळचं वय लिहिलं : त्रेपन्न ते त्रेसष्ट.

तिची यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. त्याने रविवारी एखाद्या अनुभवी सर्पमित्राबरोबर जावं, चालेल. त्याची पुस्तकं, फोटो, मित्रांचे रात्री अकराचे फोन, चालतील. कात्रजच्या सर्पोद्यानात त्याच्याबरोबर येईन, पण काचेपासून चार पावलं मागे उभी राहीन आणि ‘जवळ ये ना’ म्हणायचं नाही. पकडलेला साप मात्र घरात नाही, बाल्कनीत नाही, गाडीच्या डिकीत नाही, एक रात्रसुद्धा नाही. आणि खाली वेगळ्या शाईने : ‘नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना त्याने हात लावायचा नाही. ते काम दुसऱ्याने करायचं.’

ते शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘‘म्हणजे साप नाहीच.’’

‘‘घरात नाही,’’ ती म्हणाली.

समुपदेशकाने मध्यभागी उभं राहावं असं आम्हाला शिकवतात. या बाबतीत मी उभी राहत नाही आणि तसं त्यांना सांगितलंही. कुठे फिरायला जायचं, भिंतीला रंग कोणता, यात दोन मतं असली तर मधला मार्ग निघतो. जिवंत प्राण्यात अर्धा प्राणी नसतो. एकाच्या ‘हो’साठी दुसऱ्याने वीस-पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी पोटात ढवळून घ्यायचं आणि मनाविरुद्ध आणलेल्या घरात प्राण्यानेही राहायचं, हे मला पटत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मताला तिथे जास्त वजन असतं. त्याचं कारण मला पटेल असं त्याने सांगितलंच पाहिजे, असंही नाही.

पण त्यामुळे नवऱ्याचं दुःख लहान होत नाही. पुढच्या दोन भेटी मी फक्त त्याच्यासाठी ठेवल्या. तेराव्या वर्षी धामण पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा ती जड आणि थंड होती आणि ‘‘सगळे लांब पळाले, मी एकटाच उभा होतो,’’ हे तो सांगत होता. पुण्यात आल्यापासून दिवसभर स्क्रीन, रात्री स्क्रीन. त्याला ते वजन परत हवं होतं. ‘छंद आहे, सोडून दे’ असं त्याला त्याच्या आईसकट सगळ्यांनी सांगितलेलं. बायकोने तसं कधी म्हटलं नव्हतं, हे त्याला त्या खुर्चीत बसून आठवलं.

तो आता वनखात्याला कळवून काम करणाऱ्या एका अनुभवी माणसाबरोबर रविवारी जातो. गाडी चालवतो, पिशवी धरतो, जमलेल्या लोकांना मागे सारतो. विषारी साप असला की तो माणूस पुढे आणि हा मागे. तिने ती अट त्या माणसालाही फोन करून सांगितली आहे, ज्याची त्याला अजून लाज वाटते.

पावसाळ्यात त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. फोन बायकोने केला, ऑफिसात असलेल्या नवऱ्याला. तो पोचेपर्यंत ती तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वॉचमनला ओरडून सांगत होती की काठी खाली ठेवा, बिनविषारी आहे, उंदीर खाते. खाली मात्र ती उतरली नाही. तो घरी आला तेव्हा तिने दारातच विचारलं, ‘‘हात धुतलेस?’’ धुतले होते. पुन्हा धुवायला लावले.

काचेची पेटी त्याने विकलेली नाही. हा विषय शेवटच्या भेटीत मी काढला नाही, तिनेच काढला. पेटी बेडरूममधून बाहेर आली आहे, स्वयंपाकघराच्या बाल्कनीत. तिच्यात कांदे ठेवतात. वरची जाळी हवेशीर असल्यामुळे ते चांगले टिकतात, असं तिचं म्हणणं आहे. आतला तापमापक मात्र त्याने काढू दिलेला नाही.