१:८ बग्गीची पुढची चाकं फुगतात आणि मागचा डिफ गळतो: ऑइल कोणत्या नंबरचं घालू?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. पुण्यात मुरमाच्या मैदानावर थ्रॉटल देताच रिमोटवर चालणाऱ्या १:८ (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराच्या) इलेक्ट्रिक बग्गीची पुढची चाकं फुगतात (नुसती जोरात फिरून टायर ताणले जातात) आणि गाडी पुढे निघत नाही. शिवाय मागचा डिफ (डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन बाजूंना वाटणारा, ऑइल भरलेला गिअरचा डबा) सारखा गळतो. नंबर (ऑइल किती जाड ते सांगणारा आकडा, मोठा नंबर म्हणजे जाड ऑइल) सांगतोच, पण आधी गळती थांबवा. डिफ अर्धा रिकामा असेल तर आत ३००० घातलंय की ७०००, याला काही अर्थ उरत नाही.

चाकं फुगतात ती मधल्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफमुळे. थ्रॉटल दिला की भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात आणि डिफ ताकद तिकडेच सोडतो. मध्ये ५००० असेल तर ७००० करा, तरी फुगली तर १००००. त्याहून जाड केलंत तर खडबडीत भागात गाडी सरळ ढकलली जाते आणि वळायला कुरकुरते. सुरुवातीला पुढे ७०००, मध्ये ७०००, मागे ३००० हा संच बहुतेक १:८ बग्ग्यांना चालतो. पुढचं पातळ केलं की थ्रॉटल सोडल्यावर गाडी जास्त आत वळते. जाड केलं की वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं गाडीला ओढतात. मागचं पातळ असेल तर वळणात मागची पकड वाढते, जाड असेल तर थ्रॉटलवर शेपूट बाहेर जाऊ शकते. एका वेळी एकच डिफ बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. ७००० ची बाटली मिळत नसेल तर एकाच कंपनीचं ५००० आणि १०००० समान वजनाने मिसळा, जवळपास ७००० होतं. कंपनी बदलली की तोच नंबर हाताला वेगळा लागू शकतो, म्हणून तिन्ही डिफना एकाच कंपनीचं ऑइल ठेवा.

आता गळती. तिचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे काठोकाठ भरणं. सिलिकॉन ऑइल ५० अंशांनी तापलं की साधारण ५ टक्के फुगतं. आत हवेला जागा नसेल तर ते ओ-रिंगमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीतून) बाहेर पडणारच. स्पायडर गिअरच्या (डिफच्या आतल्या छोट्या गिअरच्या) आडव्या पिना जेमतेम बुडतील एवढंच भरा. मग आउटड्राइव्ह (डिफमधून बाहेर येणारे, ताकद पुढे नेणारे भाग) हळूहळू फिरवून बुडबुडे वर येऊ द्या, १५ मिनिटं थांबा (१०००० साठी तासभर) आणि पातळी उतरली तर पुन्हा भरा. त्याहून पक्की पद्धत वजनाची: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, कोरडा डिफ आणि भरलेला डिफ तोला, फरक वहीत लिहा. या सगळ्या नंबरांच्या ऑइलची घनता ०.९७ च्या आसपासच असते, त्यामुळे नंबर बदलला तरी तेच ग्रॅम चालतात. ही सवय लागली की गाडी दर वेळी तशीच वागते, आणि सेटिंगमध्ये याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

उघडल्यावर साफ कशाने करायचं? सर्जिकल स्पिरिटने नाही, त्यात सिलिकॉन ऑइल विरघळत नाही. नाना पेठेत ऑटो पार्टच्या दुकानात ब्रेक क्लीनरचा कॅन मिळतो, तो वापरा. मात्र आधी ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर त्या फुगून निकामी होतात. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा.

मग आउटड्राइव्हचा दांडा बघा. ओ-रिंग बसते तिथे नखाला चर लागतो का? मुरमाची बारीक धूळ ओल्या ऑइलवर चिकटते आणि ओ-रिंगखाली शिरून दांडा घासते. चर हलका असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने जाईल, खोल असेल तर आउटड्राइव्हच बदलावा लागेल. नुसती नवी ओ-रिंग टाकून गळती थांबणार नाही. बाजारातून ओ-रिंग आणणार असाल तर नायट्राइलची घ्या, सिलिकॉनची ओ-रिंग सिलिकॉन ऑइलमध्ये फुगते. बसवताना ग्रीस लावा. गॅस्केट दुमडलेलं नको, आणि चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की झाकण तिरकं बसतं आणि तिथूनच ओल सुरू होते.

नव्या गिअरचं पहिलं ऑइल पाचसहा बॅटऱ्या चालवून झाल्या की लगेच बदला, त्यात धातूचा कीस असतो. पुढे करडं-काळं झालेलं दिसलं की बदला. मधला डिफ सगळ्यात जास्त तापतो, त्याच्याकडे आधी लक्ष द्या. तो न उघडता तपासायचा तर मधला स्पर गिअर (मधल्या डिफवरचा, मोटरने फिरणारा मोठा गिअर) धरून पुढची दोन्ही चाकं एकत्र फिरवा. भरून बंद केल्या दिवशी जेवढा जोर लागत होता त्याहून सहज फिरली तर ऑइल कमी झालंय.

ऑइलचा नंबर २५ अंशांवर मोजलेला असतो. ५० अंशांवर तेच ऑइल सुमारे एक तृतीयांशाने पातळ होतं. म्हणून डिसेंबरच्या सकाळी ठीक वाटलेला संच मे महिन्याच्या दुपारी ढिला वाटेल. उन्हाळ्यात मधला डिफ एक पायरी वर ठेवा: ७००० असेल तर १००००.