ऑस्ट्रेलियन परसबाग: वाचकांचे प्रश्न

सिडनीत आमच्या परसात वॉरिगल ग्रीन्स ही पालेभाजी खूप माजली आहे. कच्ची कोशिंबिरीत घालू, की चिंच घालून अळवासारखं फदफदं करू?

कच्ची नको, आणि नुसत्या चिंचेच्या भरवशावरही राहू नका. या पानांत ऑक्सलेट (मूतखड्याला हातभार लावणारा क्षार) बरंच असतं आणि त्यातलं पुष्कळसं पाण्यात उतरतं. त्यामुळे पानं उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवायची, गार पाण्याने धुवायची आणि घट्ट पिळायची. भाजीचं पाणी फेकणं आपल्या जिवावर येतं, आमटीत किंवा कणकेत ते मुरवायची सवय असते. हे पाणी मात्र ओतूनच द्या. पुढे ती पालकासारखी वागते: डाळ-भाजी करा, ताकातली पातळ भाजी करा, नाहीतर लसूण-मिरचीची फोडणी देऊन परता. फदफदंही छान होतं, पण पानं आधी उकडून. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी हिच्या वाटेला न जाणंच बरं.

१७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या एन्डेव्हर जहाजावरच्या मंडळींनी सिडनीतल्याच बॉटनी बे या खाडीवर ही पानं उकडूनच खाल्ली होती. तुम्ही तर सिडनीतच आहात, म्हणजे भाजी तिच्या घरच्याच किनाऱ्यावर वाढते आहे. रेताड माती आणि खारा वारा ती सोसते, कडक दंव सोसत नाही. शेंडे खुडत राहा, म्हणजे आटोक्यात राहील आणि कोवळा पाला मिळेल.

मेलबर्नमध्ये कुंडीत लेमन मर्टल जगेल का? दुधाच्या चहात चालेल?

जगेल. मूळचं ते क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनातलं झाड, म्हणून पहिले हिवाळे दंवापासून जपा. मोठी कुंडी, पाण्याचा चांगला निचरा आणि नियमित छाटणी एवढं हवं.

दुधात तर ते लिंबापेक्षा सरस. वास लिंबाचा, पण आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. गवती चहाला लिंबाचा वास देणारं सिट्रालच यातही आहे, फक्त अधिक तीव्र. एका कपाला अर्धं पान पुरे, तेही आच बंद करून घाला. फार उकळलं तर निलगिरीसारखा औषधी वास येतो. खिरीत, श्रीखंडात वाळलेल्या पानांची चिमूटभर पूड घालून पाहा. मला तिथे ती वेलचीइतकीच आवडते.

रस्त्याकडेला वॉटल शेंगांनी लगडलंय. बिया भाजून कॉफी करता येईल?

नको. वॉटलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बाभळींच्या, शेकडो जाती आहेत आणि सगळ्यांच्या बिया खाण्याजोग्या नाहीत. काही विषारीही आहेत. कोणती बी खायची, कशी भाजायची, कशी दळायची हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांनी हजारो वर्षांत पारखलेलं ज्ञान आहे. म्हणून भाजलेली पूड विकत घ्या आणि शक्यतो त्यांच्याच मालकीच्या उद्योगांकडून घ्या. या ज्ञानाचे पैसे त्यांच्या हाती जायला हवेत. पुडीला कॉफी-चॉकलेटसारखा खमंग वास असतो आणि तिच्यात कॅफीन नसतं. नाचणीच्या लाडवांत चमचाभर घाला. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ याच गोतातली, पण तिच्याही बिया स्वयंपाकात आणू नका.

फिंगर लाइमला (बोटासारख्या लांबट लिंबाला) फळ कधी धरेल?

बियांपासूनच्या रोपाला बरीच वर्षं लागतात. कलमी रोप आणा, भरपूर ऊन द्या आणि काट्यांमुळे मुलांच्या वाटेपासून दूर लावा. फळ शिजवू नका. आतले मोत्यांसारखे आंबट दाणे पान वाढताना तळलेल्या कोळंबीवर किंवा पोह्यांवर पेरा.